तुरुंगातले जाते

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठ गावी सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी पडले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण ती त्याला कोणी सांगितली? इतिहासाच्या पुस्तकांनी फार उशिरा सांगितली. त्याआधी ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने सांगितली. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे गोळा करून छापले, तोवर हा पोवाडा गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या गळ्यातच राहत होता. बखरी दप्तरात बांधलेल्या होत्या, वाचता येणारी माणसे मूठभर होती. तरीही तानाजी घराघरांत जिवंत राहिला तो डफ-तुणतुण्याच्या जोरावर.

रणांगणावर पडलेल्या वीराला असा पोवाडा मिळतो. तुरुंगात वर्षे काढलेल्या माणसाला मात्र तो सहसा मिळत नाही. त्याचे कारणही उघड आहे. तुरुंगात काही घडत नाही. आजचा दिवस कालच्यासारखा आणि उद्याचा आजच्यासारखा. तीच घंटा, तीच भाकरी, तीच मोजणी. शाहिराने गावे असे त्यात काय आहे?

आयर्लंडमधल्या लोकांनी मात्र हे साधले. डब्लिन शहरात किल्मेनहॅम नावाचा जुना तुरुंग आहे. १७९६ साली तो सुरू झाला. १९१६ च्या ईस्टर सणाच्या आठवड्यात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तो मोडला गेला आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात याच तुरुंगाच्या आवारात चौदा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले जेम्स कॉनोली इतके जखमी होते की त्यांना उभे राहता येईना, म्हणून खुर्चीवर बसवून मारले. १९२४ मध्ये तुरुंग बंद पडला. भिंतींवर झाडे उगवली. पुढे १९६० पासून सामान्य नागरिकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन तो साफ करायला सुरुवात केली. १९६६ मध्ये तिथे संग्रहालय उघडले, ते राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांच्या हस्ते. या तुरुंगातून सुटलेले शेवटचे कैदी म्हणजे हेच डी व्हॅलेरा. आयरिश माणसे अशा जागी जमली की पूर्वापार चालत आलेल्या चालींवर त्या कैद्यांची गाणी म्हणतात. केव्हिन बॅरी हा अठरा वर्षांचा विद्यार्थी १ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या दुसऱ्या एका तुरुंगात फाशी गेला, त्याचे गाणे तर आयरिश माणूस जगात जिथे जिथे गेला तिथे तिथे पोचले.

आपल्याकडे ज्या तुरुंगांत स्वातंत्र्याच्या लढ्यातले राजबंदी राहिले त्यांतले बहुतेक आजही तुरुंगच आहेत. धुळ्याचा आहे, नाशिकचा आहे, येरवड्याचा आहे. तिथे सहकुटुंब जाऊन गाणी म्हणण्याची सोय नाही. मग आपल्या राजबंद्यांची आठवण गाण्यात राहिली का? राहिली आहे, आणि ती ठेवण्याचे बरेचसे काम एका कैद्यानेच करून ठेवले आहे. त्या कैद्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. आपण त्यांना साने गुरुजी म्हणतो.

पालगडचे माजघर

महाडच्या नैर्ऋत्येला डोंगराच्या पलीकडे, दापोली तालुक्यात, पालगड हे गाव आहे. तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोताचे होते, आजोबांच्या काळात घरात सुबत्ता होती. वडील सदाशिवराव यांच्या काळात ती ओसरली. कर्ज झाले, जप्ती आली, मोठे घर सुटले आणि कुटुंबाला साध्या झोपडीवजा घरात राहावे लागले. ‘श्यामची आई’ वाचलेल्या प्रत्येकाला ही पडझड पाठ आहे. त्या पडझडीत घर सावरून धरणारी बाई म्हणजे यशोदाबाई, गुरुजींची आई.

त्या काळी कोकणातल्या घरात दिवसाची सुरुवात जात्याने होत असे. कोंबडा आरवण्याच्या सुमारास बाई उठायची, सुपात धान्य घ्यायची, जात्याच्या तोंडात पहिला घास टाकायची आणि खुंटा धरायची. दगडाची घरघर सुरू झाली की तिच्या तोंडून ओवी निघायची. पहिली देवाला, दुसरी माहेराला, मग भावाला, लेकराला, सासरच्या उंबऱ्याला. मांडीवर पोर असेच. त्याला दूध, दगडाचा आवाज आणि ओवी ही तिन्ही एकदमच मिळत. ज्या बाईला दिवसभर कोणी बोलू देत नसे ती पहाटे अंधारात आपले सारे मन त्या दगडापाशी मोकळे करी. मराठीतल्या कितीतरी लेखकांचे पहिले शिक्षण असे माजघरात झाले. गुरुजींचेही झाले. फरक एवढाच की बाकीचे पुढे ते विसरले, गुरुजी विसरले नाहीत.

शिक्षणासाठी हा मुलगा पालगडहून दापोलीला, तिथून औंधला आणि मग पुण्याला गेला. पोटाची आबाळ झाली, राहण्याची आबाळ झाली. १९१७ मध्ये आई वारली. मुलगा परगावी शिकत होता, त्यामुळे अखेरची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. पुढे तुरुंगाच्या कोठडीत जे पुस्तक त्यांच्या हातून उतरले त्याच्या मुळाशी हीच न झालेली भेट आहे.

अंमळनेरचे मास्तर

बी. ए., एम. ए. करून गुरुजी खानदेशात अंमळनेरला गेले. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केला आणि १९२४ मध्ये तिथल्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदील पुसणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे ही कामे ते स्वतः करीत. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. रोज पहाटे उठून हाताने लिहायचे आणि मुलांनी सकाळी वाचायचे. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. सहा वर्षे अशी गेली. मास्तरकीत ते रमले होते. नोकरी होती, पगार होता, मुलांची माया होती.

१९३० मध्ये महात्माजी दांडीला निघाले. गुरुजींनी एप्रिलअखेर शाळेचा राजीनामा दिला आणि खानदेशातल्या गावोगावी सभा घेत फिरू लागले. मे महिन्यात त्यांना अटक झाली. पंधरा महिन्यांची शिक्षा झाली आणि धुळ्याच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथून पुढे त्यांना त्रिचनापल्लीच्या, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीच्या, तुरुंगात नेले.

त्रिचनापल्लीचा तुरुंग त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला. तिथे दक्षिणेकडच्या चारी भाषांचे राजबंदी होते. आपल्या शेजारी निजणाऱ्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, त्याच्या घरातले गाणे आपल्याला कळत नाही, हे त्यांना फार लागले. मग त्यांनी तमिळ शिकायला घेतले आणि तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरल’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. बंगालीचाही अभ्यास केला. पुढे आयुष्याच्या शेवटी त्यांनी आंतरभारतीची जी कल्पना मांडली, भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा आणि गाणी शिकावीत म्हणून जी धडपड केली, तिचे बी या तुरुंगात पडले. सरकारने त्यांना घरापासून दूर नेले ते शिक्षा म्हणून. त्या शिक्षेतून त्यांना अख्खा देश शेजारी म्हणून मिळाला.

रविवारची प्रवचने

मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि राजबंदी सुटले. पण ती मोकळीक वर्षभरही टिकली नाही. जानेवारी १९३२ मध्ये गुरुजींना पुन्हा पकडले. या वेळी शिक्षा दोन वर्षांची होती आणि तुरुंग पुन्हा धुळ्याचा. तिथेच विनोबा भावे होते. जमनालाल बजाजही होते.

त्या वेळच्या तुरुंगात सक्तमजुरी म्हणजे मुख्यतः दळण. गव्हाचे किंवा ज्वारीचे ठरावीक दळण कैद्याने रोज घालायचे. शिकलेल्या राजबंद्यांना ते अपमानाचे वाटे. काहींनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या. विनोबांनी वेगळा विचार मांडला. जे दळायचे ते आपणच खायचे आहे, तेव्हा ते शिक्षा म्हणून कशाला, आपले काम म्हणून करू. त्यांनी स्वतः जात्याला हात घातला, तेव्हा इतरही बसले. वकील, मास्तर, व्यापारी आणि शेतकरी एका ओळीने दळू लागले.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. हजारो वर्षे जे काम मराठी घरातल्या बाईने अंधारात, कोणाच्या लक्षात न येता केले, ते काम या पुरुषांच्या हाती प्रथमच आले, आणि तेही सरकारच्या हुकमाने. तळहाताला घट्टे पडतात, खांदे भरून येतात, पीठ डोळ्यांत जाते, आणि दगड एका लयीत फिरायला लागला की माणसाला आपोआप काहीतरी गुणगुणावेसे वाटते, हे त्यांना तिथे कळले असणार. ओवी हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी वापरतात. एक ज्ञानेश्वरांची ओवी आणि दुसरी जात्यावरची ओवी. पंडितांनी पहिली डोक्यावर घेतली, दुसरी माजघरात ठेवली. गुरुजींच्या लेखी मात्र या दोघी सख्ख्या बहिणी होत्या.

त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले. गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद, म्हणजे ‘गीताई’, त्यांनी आदल्याच वर्षी पुरा केला होता. समोर कैदी बसत. त्यांत शास्त्री होते तसेच अक्षरशत्रूही होते. विनोबा बोलत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. १९ जून १९३२ रोजी अठरावा अध्याय झाला. गुरुजींची लेखणी त्या अठरा रविवारी तिथे नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती नसते. विनोबांनीही हे ऋण मोकळ्या मनाने मानले. देशातल्या अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले, लाखो प्रती गेल्या. दुसऱ्याचा शब्द कान देऊन ऐकायचा आणि जसाच्या तसा सांभाळायचा, ही कला गुरुजींना कोणत्या कॉलेजात शिकवली नव्हती. ती माजघरात आईच्या मांडीवर आलेली होती.

पाच दिवस

पुढे त्यांना नाशिकच्या तुरुंगात हलवले. तिथे गुरुवार ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि सोमवारी १३ तारखेच्या सकाळी हातावेगळे केले. दिवसा तुरुंगाचे काम असे, म्हणून लिहिणे रात्री आणि पहाटे. आईच्या दळणाची वेळ आणि मुलाच्या लिहिण्याची वेळ एकच. पुस्तकासाठी लिहिलेल्या रात्री एकूण पंचेचाळीस. त्यांतल्या छत्तीस तुरुंगात लिहून झाल्या आणि उरलेल्या नऊ बाहेर आल्यावर. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमात सायंप्रार्थना होते, मंडळी बसतात, श्याम सांगू लागतो आणि ऐकणारे ऐकतात. ही मांडणी कादंबरीची नाही. ती कीर्तनाची आहे, कहाणीची आहे. चातुर्मासात आजी सोमवारची कहाणी सांगते त्या जातीची आहे. म्हणूनच हे पुस्तक ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पोचले. घरातला शाळकरी मुलगा मोठ्याने वाचतो आहे आणि चुलीपाशी बसलेली आजी पदराने डोळे पुसते आहे, हे चित्र मराठी घरांनी पुष्कळ वर्षे पाहिले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाईंनी आई उभी केली, छोट्या माधव वझे यांनी श्याम केला, आणि १९५४ मध्ये देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने पटकावले.

इंग्रज सरकारविरुद्ध या पुस्तकात फारसे काही नाही. तुरुंगाच्या हालअपेष्टांचे वर्णन नाही. बेड्या नाहीत, फटके नाहीत. तुरुंगात बसून माणसाने लिहिले काय, तर आईने आपल्याला कसे वाढवले ते. पण नीट पाहिले तर राजबंदी हा माणूस कसा घडतो याचीच ती हकिगत आहे. महार समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, गाव काय म्हणेल याची पर्वा करत नाही. हा प्रसंग पुस्तकात आहे. तो मुलगा पुढे सत्याग्रही होतो यात नवल कोणते?

‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रहही याच काळातला. त्यातल्या बऱ्याच कवितांच्या खाली स्थळ आणि काळ दिला आहे. कुठे अंमळनेरचे छात्रालय, कुठे त्रिचनापल्लीचा तुरुंग, कुठे धुळ्याचा, कुठे नाशिकचा. कवी सहसा कवितेखाली आपल्या गावाचे नाव घालतात. गुरुजींनी तुरुंगाचे नाव घातले, तेही इतक्या सहजपणे की जणू मामाच्या गावाला गेले असताना कविता सुचली. त्यांची देशभक्तीची गाणी प्रभातफेऱ्यांत पसरू लागली तशी सरकारने ‘पत्री’च्या प्रती जप्त केल्या. कागद जप्त करता आला, चाली जप्त करता आल्या नाहीत.

अनाम बायकांच्या ओव्या

सुटून आल्यावर गुरुजी स्वस्थ बसले नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी ते खानदेशभर राबले. अंमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांत आणि शेतकऱ्यांत काम केले. १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. या साऱ्या धावपळीत त्यांनी आणखी एक काम केले, ज्याची चर्चा त्यांच्या चरित्रांत थोडकी होते. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने त्या पुस्तकात आणल्या.

मराठीत लोकगीतांचा अभ्यास तेव्हा बाल्यावस्थेत होता. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत केलेले मोठे काम पुढचे आहे. गाय प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते तर १९८० नंतरचे. गुरुजींनी आपले काम कोणत्याही विद्यापीठाच्या पाठबळाशिवाय केले. त्यांनी ओव्या विषयवार लावल्या. माहेर, सासर, भाऊ-बहीण, बाळ, सण, देव. आणि त्यावर समजावून सांगणारे लेखन केले. एका राजकीय कार्यकर्त्याने, जो चार-दोन महिन्यांत पुन्हा पकडला जाण्याची शक्यता होती, माजघरातल्या गाण्यांपाशी बसावे हे त्या काळच्या पुढाऱ्यांना विचित्रच वाटले असेल. गुरुजींना ते विचित्र वाटले नाही. ज्या देशासाठी तुरुंगात जायचे तो देश म्हणजे कोण, याचे त्यांचे उत्तर त्या ओव्यांत होते.

ओवी रचणारीचे नाव ओवीत नसते. कोणाची लेक, कोणाची बहीण, कोणाची सून हे असते, तिचे स्वतःचे नसते. तिलाही एक प्रकारचा कारावास होता आणि त्या कारावासात तिने गाणे टिकवले. गुरुजी तुरुंगातून हे शिकून आले होते. एरवी पुरुषाला हे कळायला फार वेळ लागतो.

चंद्रभागेच्या तीरावर

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा युद्धविरोधी भाषणाबद्दल त्यांना पुन्हा शिक्षा झाली. १९४२ मध्ये ते भूमिगत झाले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आपल्याच गावांतली माणसे धारातीर्थी पडली. महाराष्ट्रभर अशी गावे पेटली होती आणि गुरुजी वेश बदलून, नाव बदलून पत्रके लिहीत हिंडत होते. १९४३ मध्ये मुंबईत ते सापडले. येरवडा आणि पुन्हा नाशिक. १९४५ च्या जानेवारीत ते सुटले. नाशिकच्या तुरुंगात या खेपेस बेचाळीसचे तरुण होते. गुरुजी त्यांचे गुरुजी झाले. तुरुंगाची बराक पुन्हा अंमळनेरचे छात्रालय झाली.

स्वातंत्र्य दारात आले असताना गुरुजींनी शेवटची मोठी लढाई काढली ती इंग्रजांविरुद्ध नव्हती. पंढरपूरच्या विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. चोखोबांचे अभंग वारीत गायचे आणि चोखोबांच्या माणसांना पायरीशी थांबवायचे, हे त्यांना सहन होईना. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला वीस वर्षे झाली होती. १९४७ च्या सुरुवातीला गुरुजी महाराष्ट्रभर दौऱ्यावर निघाले. बरोबर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली तरुण मंडळी होती. गावात पोचायचे, चावडीपुढे किंवा बाजारात उभे राहायचे, पोवाडा म्हणायचा, गीते गायची आणि मग गुरुजींनी बोलायचे. जुन्या चालीवर नवी गोष्ट सांगितली की गाव ऐकते, हा त्यांचा अनुभव होता. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषण सुरू केले. १० मे रोजी देऊळ सर्वांना खुले करण्याचे ठरले तेव्हा ते सुटले. मोळी उचलायला सांगणाऱ्या पालगडच्या बाईचे म्हणणे तीस वर्षांनी पंढरपूरपर्यंत पोचले.

त्यानंतरची तीन वर्षे दुःखाची होती. गांधीजींचा खून झाला, तो करणारा हात मराठी होता याचे प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते पुण्याहून आजही निघते. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. पण मन थकले होते. स्वराज्य आले आणि ज्याच्यासाठी तुरुंग सोसले ते आले नाही, असे त्यांना वाटत राहिले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपवली. वय पन्नास वर्षे. या मृत्यूबद्दल लोकांनी तेव्हा बरेच लिहिले. ज्याने इतरांच्या मुलांचे अश्रू पुसले त्याचे अश्रू पुसायला वेळेवर कोणी पोचले नाही, याहून अधिक काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

आता जाते कुठे आहे

माझ्या नोकरीची बरीच वर्षे महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या बँकेत गेली. कारखान्यांच्या पगाराच्या दिवशी तिथे खानदेशातून आलेले कामगार असत, पोलादपूरच्या डोंगरातले असत, बिरवाडीचे असत. त्यांच्याबरोबर कधी म्हाताऱ्या आया येत. अंगठा उठवून पैसे घेत. काम हलके असले की मी त्यांना ओव्यांबद्दल विचारी. आधी लाजत, मग एखादी दोन-चार म्हणून दाखवी. दगडाशिवाय चाल नीट लागत नाही अशी त्यांची तक्रार असे. घरात जाते आहे का विचारले तर ते मांडवाला हळद दळण्यापुरते उरले आहे किंवा अंगणात तुळशीपाशी उलटे पडले आहे, हे उत्तर ठरलेले. वसाहतीत आता पहाटे ऐकू येतो तो पाळीचा भोंगा.

जाते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. विजेच्या चक्कीने बायकांच्या खांद्यावरचा भार उतरवला, हे चांगलेच झाले. जात्याबरोबर गाणे जावे असा मात्र काही नियम नाही. धुळ्याच्या तुरुंगात शिक्षा म्हणून आलेल्या जात्यापाशी माणसे स्वतंत्रपणे बसू शकली, तर आपण जात्याशिवाय ओवी म्हणू शकणार नाही का?

महाडहून मुंबईच्या वाटेला लागले की माणगाव तालुक्यात वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे मुलांची शिबिरे भरतात. पलीकडे पालगडला त्यांचे घर आहे. दोन्ही जागा आपल्याला एका दिवसाच्या आहेत. सुट्टीत रायगड दाखवायला मुलांना नेतो तसे तिथेही न्यावे. शाळाशाळांतून मुले गुरुजींची प्रार्थना म्हणतात. जगाला प्रेम अर्पावे हे सांगणाऱ्या माणसाला सरकारने पुन्हा पुन्हा कोठडीत घातले होते, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. ते सांगावे. तुरुंगाचे दार आपल्याला उघडून मिळणार नाही, पण तुरुंगात जे गायले गेले ते आपल्या हातात आहे.

आणि घरात आजी असेल, पणजी असेल, तर तिच्यापाशी बसावे. तिला एखादी ओवी आठवत असेल. ती म्हणताना तिला मध्येच अडखळायला होईल, तेव्हा घाई करू नये. वही आणि पेन्सिल जवळ ठेवावी, आणि ओवीखाली गावाचे नाव, तारीख लिहावी. शेजारी तिचेही नाव लिहावे. गुरुजींच्या पुस्तकातल्या बायकांना ते मिळाले नव्हते.